तास वाटून घ्यायचे, की माणसं घरी बसवायची?

प्रश्न : मी बस डेपोत वाहतूक नियंत्रक होतो, आता निवृत्त आहे. माझा भाचा अमेरिकेत एका मोठ्या विमान कंपनीत वैमानिक आहे. मध्यंतरी त्याच्याकडे राहायला गेलो होतो. एका रात्री त्याचे दोन सहकारी जेवायला आले, दोघंही पन्नाशी ओलांडलेले. जुन्या दिवसांचा विषय निघाला आणि बघता बघता दोघांचे आवाज चढले. एक म्हणत होता, ‘आम्ही फर्लोवर घरी बसलो होतो, तेव्हा तुम्ही महिन्याला नव्वद-नव्वद तास उडवत होता.’ दुसरा म्हणत होता, ‘युनियनने आधीच आमचा एवढा पगार सोडून दिला होता, घराचा हप्ता मी कुठून भरायचा?’ भाचा मधे गप्प बसून राहिला. मला निम्मंच कळलं. हा फर्लो म्हणजे नक्की काय? तासांचा आणि नोकऱ्यांचा हिशेब कसा असतो? आणि त्या दोघांत बरोबर कोण?

— एक वाचक, सातारा

उत्तर : तुम्ही ऐकलेला वाद अमेरिकी वैमानिकांमध्ये गेली वीस-पंचवीस वर्षं धुमसतो आहे. २००१ नंतर तो पेटला, २००८ मध्ये पुन्हा आणि २०२० मध्ये पुन्हा. तुम्ही डेपोत माणसांना ड्युट्या लावल्या आहेत, त्यामुळे त्यातला हिशेब तुम्हाला कुणाहीपेक्षा लवकर समजेल. म्हणून आधी हिशेब पाहू, मग घडलेलं सांगतो आणि ‘बरोबर कोण’ हे शेवटी घेऊ.

फर्लो म्हणजे नोकरीवरून काढणं का?

नाही. फर्लोवर गेलेल्या वैमानिकाचा पगार थांबतो, पण ज्येष्ठता यादीतलं त्याचं नाव पुसलं जात नाही. कामं वाढली की बाहेरून भरती करण्याआधी कंपनीने या माणसांना यादीतल्या क्रमाने परत बोलवायचं, असं युनियनबरोबरच्या करारात लिहिलेलं असतं.

अमेरिकेतल्या वैमानिकाचं सगळं आयुष्य या यादीवर चालतं. रुजू झाला की त्याला क्रमांक मिळतो. कोणतं विमान मिळणार, डाव्या बाजूची कॅप्टनची खुर्ची की उजवीकडची फर्स्ट ऑफिसरची, कोणत्या शहरात तळ, महिन्यातल्या कोणत्या फेऱ्या, नाताळला घरी की परगावच्या हॉटेलात, हे सारं त्या क्रमांकावर ठरतं. कंपनी बदलली तर नव्या कंपनीच्या यादीत तळाशी जावं लागतं. वीस वर्षं कॅप्टन असलेला माणूस दुसरीकडे गेला, तर काल लागलेल्या पोराच्याही खाली आणि पहिल्या वर्षाच्या पगारावर. त्यामुळे घरी बसवलेला वैमानिक सहजासहजी आपल्या कंपनीचा हक्क सोडत नाही. तो वाट पाहतो. मधल्या काळात कुणी मालवाहू विमानं उडवतो, कुणी आखातातल्या किंवा पूर्व आशियातल्या कंपनीत जातो, कुणी हवाई दलाच्या राखीव तुकडीत ड्युटी वाढवून घेतो, आणि कुणी विमानाशी संबंध नसलेलं मिळेल ते काम करतो.

फर्लोची सुरुवात यादीच्या तळापासून होते, पण हादरा वरपर्यंत जाणवतो. कंपनीने मोठी विमानं उभी केली की त्यांवरचे कॅप्टन मधल्या विमानांवर उतरतात, तिथले कॅप्टन उजव्या खुर्चीत येतात आणि शेवटचे बाहेर पडतात. यातल्या प्रत्येकाला नव्या जागेसाठी सिम्युलेटरवर प्रशिक्षण द्यावं लागतं. परत बोलावताना हाच खर्च उलट्या दिशेने पुन्हा होतो. म्हणजे माणसं घरी बसवणं कंपनीलाही फुकट पडत नाही. वैमानिकांची युनियन वाटाघाटीला बसते तेव्हा तिच्या हातातला हा एक महत्त्वाचा मुद्दा असतो.

तास कमी केले तर नोकऱ्या कशा वाचतात?

अमेरिकी वैमानिकाला पगार तासावर मिळतो. विमान दारापासून मागे ढकललं जातं तिथून ते पुढच्या विमानतळावर उभं राहीपर्यंतचा वेळ, त्याला ब्लॉक तास म्हणतात. विमानतळावर हजर होणं, दोन उड्डाणांमधलं थांबणं, परगावचा मुक्काम हे त्यात धरत नाहीत. त्यामुळे महिन्याला ७५ ब्लॉक तास म्हणजे थोडं काम असं समजू नका. तेवढ्या तासांसाठी माणूस त्याच्या कितीतरी पट वेळ घराबाहेर असतो.

करारात महिन्याची किमान हमी असते, साधारण ७० ते ७५ तासांची. तेवढे तास उडवायला मिळाले नाहीत तरी तेवढा पगार मिळतो. वरची मर्यादा सरकारी नियमाने ठरते: २८ दिवसांत १०० तास आणि ३६५ दिवसांत १,००० तास. तुम्ही ऐकलेलं भांडण या दोन आकड्यांच्या मधल्या जागेतलं आहे.

समजा, एखाद्या कंपनीच्या वेळापत्रकाला एका हुद्द्यावरच्या वैमानिकांचे महिन्याला ८०,००० तास लागतात. प्रत्येकाने सरासरी ८० तास उडवले तर १,००० माणसं लागतील. सरासरी ९० वर नेली तर ८८९ पुरतील, ७५ वर आणली तर १,०६७ लागतील. एकही उड्डाण रद्द न करता, नुसती सरासरी ७५ वरून ९० केल्याने १७८ माणसं ‘जास्तीची’ ठरतात. सुट्ट्या, आजारपण आणि राखीव ड्युट्या धरल्या तर आकडे बदलतील, पण दिशा बदलणार नाही.

या हिशेबातला कळीचा भाग पुढे आहे. वैमानिकांनी पगारात २० टक्के कपात मान्य केली, तर कंपनीचे पैसे वाचतात. पण घरी बसलेला एकही माणूस तेवढ्याने कामावर येत नाही, कारण उडवायचे तास तेवढेच राहतात. उलट, कमी झालेला पगार भरून काढण्यासाठी कामावरचा माणूस जादा तास मागू लागतो. ८० तासांत जे मिळायचं ते आता १०० तासांत मिळतं, मग तो जमेल तेवढं वर चढतो. त्याने घेतलेला प्रत्येक जादा तास घरी बसलेल्याची परतीची तारीख लांबवतो. त्या रात्री जेवणाच्या टेबलावर दोघं एकमेकांवर चिडले होते. खरं तर पहिल्याचा फर्लो आणि दुसऱ्याची ओढाताण, दोन्ही एकाच कराराने जन्माला घातली होती.

तासांवर मर्यादा आली कुठून?

वैमानिकांच्याच लढ्यातून. एअर लाइन पायलट्स असोसिएशन ही त्यांची सर्वांत मोठी संघटना १९३१ मध्ये शिकागोत उभी राहिली. डेव्हिड बेंकी हे तिचे पहिले अध्यक्ष, स्वतः वैमानिक. मंदीचे दिवस होते, कंपन्या पगार कमी करत होत्या आणि वैमानिकांकडून जास्तीत जास्त उड्डाणं करून घेत होत्या. १९३३ मध्ये संपाची वेळ आली, तेव्हा प्रकरण राष्ट्रीय कामगार मंडळाकडे गेलं. मंडळाने मे १९३४ मध्ये जो निकाल दिला तो ‘निर्णय ८३’ या नावाने ओळखला जातो. त्यात वैमानिकाच्या पगाराचं सूत्र ठरलं आणि महिन्याला ८५ तासांची मर्यादा आली. १९३८ च्या नागरी विमानवाहतूक कायद्याने हा निकाल कायद्यात आणला.

मर्यादेमागे दोन कारणं होती आणि दोन्ही आजही तितकीच खरी आहेत. दमलेला वैमानिक धोकादायक असतो, हे पहिलं. आणि दहा माणसांचं काम आठ जणांकडून करून घ्यायची मोकळीक मिळाली, तर मंदीत दोन जण नक्की घरी बसणार, हे दुसरं. सुरक्षेच्या नियमांची अलीकडची मोठी दुरुस्ती बफेलोजवळच्या अपघातानंतर झाली. फेब्रुवारी २००९ मध्ये कोल्गन एअरचं विमान तिथे कोसळलं आणि ५० जणांचा जीव गेला. चौकशीत अपघाताचं मुख्य कारण कॅप्टनची चुकीची हाताळणी असल्याचं ठरलं, पण छोट्या कंपन्यांतल्या वैमानिकांची अपुरी झोप, त्यांचा तुटपुंजा पगार आणि ड्युटीवर येण्यासाठी रातोरात देशाच्या दुसऱ्या टोकाहून करावा लागणारा प्रवास, हे सगळं त्यामुळे लोकांसमोर आलं. जानेवारी २०१४ पासून विश्रांतीचे नवे नियम लागू झाले: ड्युटीआधी दहा तास मोकळे आणि त्यात सलग आठ तास झोपेला वाव.

मग युनियनने पगार सोडून दिलाच कशाला?

कारण समोर दिवाळखोरीचं न्यायालय होतं. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर काही आठवड्यांत मोठ्या अमेरिकी कंपन्यांनी आपली सुमारे पाचवा हिस्सा उड्डाणं कमी केली. सरकारने ५ अब्ज डॉलर रोख आणि १० अब्ज डॉलरपर्यंत कर्जहमी देऊ केली, तरी यूएस एअरवेज ऑगस्ट २००२ मध्ये दिवाळखोरीत गेली. डिसेंबरमध्ये युनायटेड गेली. २००४ मध्ये यूएस एअरवेज दुसऱ्यांदा, आणि १४ सप्टेंबर २००५ ला डेल्टा आणि नॉर्थवेस्ट एकाच दिवशी. हजारो वैमानिक घरी बसले.

अमेरिकेत विमान कंपन्यांचे कामगार करार रेल्वे कामगार कायद्याखाली येतात. कायदा १९२६ चा, विमान कंपन्यांना तो १९३६ मध्ये लागू झाला. या कायद्यात करार मुदत संपली म्हणून गळून पडत नाही. नवा होईपर्यंत जुनाच चालू राहतो. वैमानिकांसाठी ही मोठी ढाल आहे. पण दिवाळखोरीच्या कायद्यात एक वाट आहे: वाटाघाटी फसल्या तर कंपनी न्यायाधीशांकडे जाऊन आख्खा करारच रद्द करण्याची परवानगी मागू शकते. त्यामुळे युनियनपुढचे पर्याय दोनच उरले. स्वतः ठरवून काही द्यायचं, किंवा न्यायालयाकडून सगळंच घालवायचं.

किती दिलं ते पाहा. अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी एप्रिल २००३ मध्ये, कंपनी दिवाळखोरीत जाऊ नये म्हणून, वर्षाला ६६ कोटी डॉलरवर पाणी सोडलं. पगार २३ टक्क्यांनी उतरला. मतदान झालं त्याच सुमारास उघड झालं की, वरच्या अधिकाऱ्यांना टिकवून ठेवण्यासाठी बोनस आणि दिवाळखोरीतही सुरक्षित राहील असा पेन्शन निधी कंपनीने आधीच मंजूर केला होता. संताप एवढा उसळला की मुख्य अधिकारी डॉन कार्टी यांना त्याच महिन्यात राजीनामा द्यावा लागला. डेल्टाच्या वैमानिकांनी २००४ मध्ये ३२.५ टक्के पगार सोडला आणि २००६ मध्ये आणखी १४ टक्के. युनायटेडच्या कर्मचाऱ्यांची पेन्शन २००५ मध्ये बंद झाली आणि तिचा भार सरकारी विमा महामंडळावर गेला. तिथे प्रत्येक पेन्शनवर कमाल मर्यादा असते, त्यामुळे ज्येष्ठ वैमानिकांच्या हाती ठरलेल्या रकमेचा जेमतेम काही भाग आला.

हडसन नदीवर विमान उतरवून १५५ जणांना वाचवणारे कॅप्टन चेस्ली सलनबर्गर यांचंच उदाहरण घ्या. जानेवारी २००९ मधली ती घटना. पुढच्याच महिन्यात अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष देताना त्यांनी सांगितलं की त्यांचा पगार ४० टक्क्यांनी घटला आहे आणि पेन्शन बुडाली आहे. सारं जग ज्यांचं कौतुक करत होतं, त्यांची ही अवस्था.

या करारांत पगाराबरोबर कामाचे नियमही सैल झाले. करारातली महिन्याची तासमर्यादा वर गेली, सुट्ट्या कमी झाल्या. माझा मुख्य आक्षेप तिथेच आहे. कंपनी तगावी म्हणून पगार सोडणं एकवेळ समजू शकतं. पण हजारो सहकारी घरी असताना उरलेल्यांची तासमर्यादा वाढवणं म्हणजे घरी बसलेल्यांची जागा आतून भरून टाकणं.

युनियनने जादा तासांवर सरसकट बंदी का घातली नाही?

हा प्रश्न तुमच्या पत्रात थेट नाही, पण वाहतूक नियंत्रकाच्या मनात तो आल्याशिवाय राहणार नाही. उत्तर कायद्यात आहे. जादा ड्युटीला एकटा वैमानिक नकार देऊ शकतो. पण युनियनने सगळ्यांना मिळून नकार द्यायला लावलं, तर न्यायालय त्याला बेकायदा कामबंद समजतं. संपाला परवानगी मिळते ती सरकारी मध्यस्थी आणि थंडावण्याचा काळ असे टप्पे पार केल्यावरच.

युनायटेडमध्ये २००८ साली हेच झालं. तेलाचा भाव जुलैमध्ये पिंपाला १४७ डॉलरपर्यंत गेला. कंपनीने १०० विमानं ताफ्यातून काढायचं ठरवलं आणि चौदाशेहून अधिक वैमानिकांना घरी पाठवायचं जाहीर केलं. त्या उन्हाळ्यात आजारपणाच्या रजा एकाएकी वाढल्या, जादा ड्युटी घ्यायला माणसं मिळेनाशी झाली आणि शेकडो उड्डाणं रद्द झाली. कंपनी न्यायालयात गेली. नोव्हेंबरमध्ये संघीय न्यायाधीशांनी युनियनला मनाई हुकूम दिला आणि पुढच्या वर्षी वरच्या न्यायालयाने तो कायम केला. सहकाऱ्यांसाठी जादा तास नाकारणं ही एकेकाच्या मनाची गोष्ट म्हणून चालली. संघटनेने ती ठरवून केली की बेकायदा ठरली.

म्हणूनच तुम्ही ऐकलेली भांडणं इतकी कडवट होतात. नियम नसल्याने सगळा भार प्रत्येकाच्या सदसद्विवेकावर पडतो. पंगतीत वाढपी सारखा आग्रह करतो आहे आणि बाहेर ओळखीची माणसं पहिल्या घासाची वाट पाहत उभी आहेत, अशा वेळी ‘पुरे’ म्हणायचं काम ज्याच्या त्याच्यावर सोडलेलं असतं. कुणी म्हणतो, कुणी म्हणत नाही, आणि कुणी नाही म्हटलं हे पुढची वीस वर्षं लक्षात राहतं.

आधी कोण जाणार, यावर तरी एकमत असतं का?

एका कंपनीत असतं: शेवटी आला तो आधी जाणार. दोन कंपन्या एकत्र आल्या की ते मोडतं, आणि सगळ्यांत जास्त मार बसतो तो घरी बसलेल्यांना.

२००१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने टीडब्ल्यूए ही बुडती कंपनी घेतली. तिथल्या वैमानिकांपैकी बऱ्याच जणांना अमेरिकनच्या यादीत अगदी तळाशी जोडलं गेलं. काही महिन्यांतच कपात सुरू झाली आणि वर्षानुवर्षं कॅप्टन राहिलेली माणसं आधी बाहेर पडली. आपल्याच युनियनने आपली बाजू प्रामाणिकपणे लढवली नाही, असा दावा त्यांनी केला. न्यू जर्सीतल्या ज्यूरीने २०११ मध्ये तो मान्य केला आणि २०१४ मध्ये युनियनने ५ कोटी ३० लाख डॉलरची तडजोड केली. तोवर तेरा वर्षं उलटली होती.

यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट २००५ मध्ये एक झाल्या. यूएस एअरवेजचे हजाराहून अधिक वैमानिक फर्लोवर, अमेरिका वेस्टचे कामावर. २००७ मध्ये लवाद जॉर्ज निकोलाउ यांनी ठरवलं की यूएस एअरवेजचे सुमारे ५०० सर्वांत ज्येष्ठ वैमानिक सर्वांच्या वर आणि फर्लोवरचे सुमारे १,७०० सर्वांच्या खाली, बाकीच्यांची सरमिसळ. त्यामुळे सोळा-सतरा वर्षं नोकरी झालेला माणूस काही महिन्यांपूर्वी लागलेल्याच्या पंक्तीला आला. यूएस एअरवेजकडचे वैमानिक इतके चिडले की त्यांनी जुनी युनियन सोडून २००८ मध्ये स्वतःची नवी काढली. दोन्ही बाजू वर्षानुवर्षं वेगवेगळ्या याद्यांवर उडत राहिल्या. एका कंपनीचे वैमानिक एकमेकांविरुद्ध न्यायालयात उभे राहिले आणि त्या काळात पगारवाढीचा संयुक्त करार रखडला. त्या भांडणात कंपनीचं नुकसान कमी झालं, वैमानिकांचं जास्त.

कुठे हे नीट जमलं आहे का?

हो, आणि ते मन लावून पाहण्यासारखं आहे. मार्च २०२० मध्ये विमानं जमिनीवर आली, तेव्हा अमेरिकी सरकारने प्रवासी विमान कंपन्यांच्या पगारांसाठी २५ अब्ज डॉलर दिले. मुख्य अट होती: ३० सप्टेंबरपर्यंत कुणालाही घरी पाठवायचं नाही. मुदत संपल्यावर काय, हे प्रत्येक कंपनीत वेगळं ठरलं.

अमेरिकन एअरलाइन्सचे सुमारे १,६०० वैमानिक १ ऑक्टोबरला घरी बसले. युनायटेडमध्ये मात्र २,८५० जण जाणार होते, ते थांबले. तिथल्या वैमानिकांनी सप्टेंबरमध्ये मतदान करून सर्वांचे तास कमी करून काम वाटून घ्यायचं मान्य केलं. मतं ५८ टक्केच पडली होती, म्हणजे विरोध कमी नव्हता. डेल्टात अठराशेहून अधिक ज्येष्ठांनी लवकर निवृत्ती घेतली आणि तरी सुमारे १,७०० तरुणांची नोकरी टांगणीला होती. नोव्हेंबरमध्ये वैमानिकांनी किमान हमीचे तास ५ टक्क्यांनी कमी करायला मान्यता दिली. बदल्यात २०२२ च्या जानेवारीपर्यंत कुणालाही फर्लो नाही, हे कंपनीकडून लिहून घेतलं.

पाच टक्के. वीस माणसांनी प्रत्येकी थोडं कमी घेतलं की एकविसावा घरात राहत नाही, एवढा तो साधा हिशेब. आणि पुढे काय झालं? जून २०२१ मध्ये युनायटेडने २७० नवी विमानं मागवली. २०२२ च्या उन्हाळ्यात वैमानिक कमी पडले म्हणून देशभर उड्डाणं रद्द होत होती. ज्यांनी आपली माणसं यादीवर आणि प्रशिक्षणात टिकवली होती, त्यांना त्याचा फायदा मिळाला. मार्च २०२३ मध्ये डेल्टाच्या वैमानिकांनी चार वर्षांत ३४ टक्के वाढीचा करार मिळवला. २०२० मध्ये तास वाटून घेतल्याने त्यांची ताकद कमी झाली नव्हती.

आपल्याकडे अशी पद्धत आहे का?

शेवटी आलेला आधी जाईल आणि नव्या भरतीत काढलेल्यांना आधी विचारलं जाईल, ही दोन्ही तत्त्वं आपल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती. पण वैमानिक त्या कायद्याच्या अर्थाने ‘कामगार’ ठरतो का, यावरच आपल्याकडे खटले झाले. आणि खासगी विमान कंपन्यांमध्ये अमेरिकेसारखा सर्वमान्य, युनियनने राखलेला ज्येष्ठतेचा करार रुजला नाही. १७ एप्रिल २०१९ ला मुंबईची जेट एअरवेज थांबली, तेव्हा वैमानिकांचे काही महिन्यांचे पगार थकले होते. परत बोलावण्याची यादी जपायला कंपनीच उरली नाही. ज्याला जिथे खुर्ची मिळाली, तिथे तो गेला.

तासांचा प्रश्न मात्र आपल्याही दाराशी आला आहे. नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली आणि रात्रीच्या लँडिंगवर कडक मर्यादा घातली. नोव्हेंबर २०२५ पासून नियम पूर्ण लागू झाले आणि डिसेंबरमध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. मग नियमांना तात्पुरती सूट द्यावी लागली. वेळापत्रक माणसांच्या संख्येपेक्षा मोठं आखलं, तर एक दिवस ते कोसळतं, हे तुम्ही डेपोत पाहिलंच असेल.

मग त्या दोघांत बरोबर कोण?

घरी बसलेला बरोबर होता, असं मी स्पष्ट म्हणतो. त्याचा क्रमांक तळाशी होता हा त्याचा दोष नव्हता. तो उशिरा लागला, इतकंच. कामावर राहिलेल्या माणसाचा पगार घटला, पण त्याची खुर्ची, त्याचा आरोग्य विमा, विमान हाताळायचा रोजचा सराव शाबूत राहिला. घरी बसलेल्याचं हे सगळं एकाच दिवशी गेलं. ज्याच्याकडे कमी उरलं आहे त्याचा हक्क आधी, ही कोणत्याही संघटनेची पहिली ओळ असली पाहिजे. नाहीतर संघटना ही फक्त वर बसलेल्यांची सोय ठरते.

पण दुसऱ्या माणसाला मी लोभी म्हणणार नाही. त्याचं उत्पन्न एका सहीने बरंच कमी झालं, त्याने हप्ते त्याआधीच्या पगारावर घेतले होते, आणि जादा तासांची दारं कंपनीने त्याच्यासाठी मुद्दाम सताड उघडी ठेवली होती. त्याचं चुकलं ते एवढंच की, करारावर मत देताना त्याने आपला टक्का पाहिला, तासांची ओळ पाहिली नाही. तशी चूक हजारो जणांनी केली.

तुमच्या भाच्याच्या पिढीला यातून घेण्यासारखं काही आहे. पुढची मंदी येईलच. या धंद्यात ती साधारण दर दहा वर्षांनी येते. तेव्हा युनियनने काही सोडायचं ठरवलं तर ते आधी तासांत सोडावं, पगाराच्या दरात नव्हे. दर एकदा खाली आला की तो वर चढायला पिढी जाते, तास मात्र मागणी परतली की आपोआप परततात. सोडलेल्या प्रत्येक तासाच्या बदल्यात घरी बसणाऱ्यांची संख्या लिहून घ्यावी, सवलतीची शेवटची तारीख लिहून घ्यावी, आणि एकही सहकारी घरी असेपर्यंत जादा ड्युटी कुणालाही मिळणार नाही हे करारातच घालावं. करारात असलं की ते कायदेशीर असतं. मग कुणाच्या विवेकाची परीक्षा घ्यावी लागत नाही आणि न्यायालय मनाई हुकूमही देऊ शकत नाही.

भाच्याशी पुढच्या वेळी बोलाल तेव्हा त्याला एकच विचारा: तुमच्या करारात फर्लोच्या काळातल्या जादा तासांबद्दल काय लिहिलं आहे? उत्तर त्याला माहीत नसेल, तर ते आता, विमानं भरून उडत असताना, शोधायला सांगा. माणसं घरी बसायला लागल्यावर ती ओळ करारात घालायला कंपनी सहजासहजी तयार होत नाही.